दुःखाचा सतरावा दिवस

आधी पाय धुऊन घ्या. रांजणातल्या पाण्याने बोटं बधिर होतात, पण आज त्याबद्दल कोणी कुरकुर करत नाही. घरातली म्हातारी सगळ्यांच्या आधी उठली आहे. नातवंडांचे पाय तिने स्वतः धुतले: टाचा, बोटांच्या बेचक्या, नखांखालची माती. पाच वर्षांच्या धाकट्याला गुदगुल्या झाल्या, तो खिदळला, तशी तिने त्याच्या पोटरीवर हलकी चापट मारली. आज पाटलाच्या वाड्यावर जायचंय. तिथे हसायचं नाही आणि रडायचंही नाही, एवढंच त्याला सांगून ठेवलंय.

तुम्ही उराकामीत आहात. नागासाकी बंदराच्या उत्तरेचं हे खोरं. दोन्ही बाजूंना डोंगर, उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, गवताने शाकारलेली घरं. साल 1830. जपानी पंचांग आपल्यासारखंच चंद्राच्या मागे चालतं, त्यामुळे त्यांचं नवं वर्ष आत्ता, आपल्याकडे माघ लागतो त्या सुमाराला सुरू झालंय. तुम्हाला या घरातल्या कर्त्या पुरुषाचा देह मिळाला आहे. चाळिशीचं वय, वाकू लागलेली पाठ, भेगाळलेल्या टाचा. पोटात रात्रीची रताळी आहेत. भात तुम्हीच पिकवता, पण त्यातला बराचसा सरकारात भरावा लागतो.

गावच्या दप्तरात तुमचं एक जपानी नाव आहे. दुसरं नाव दार लावल्यावरच उच्चारायचं, तेही क्वचित. ते आहे दोमिंगोस. इथल्या जिभेवर त्याचं 'दोमिगोसु' झालंय. ते मुळात कुठल्या भाषेतलं, कुठल्या देशातलं, हे तुम्हाला ठाऊक नाही. आजोबांचं होतं, त्यांच्या आजोबांचंही होतं, म्हणून तुमचं आहे.

वाटेत एक लाकडी फलक लागतो. लहानपणापासून पाहिलेला, त्यामुळे तुम्ही तिकडे बघतही नाही. त्यावर दर लिहिलेले आहेत. पाद्री पकडून दिला तर चांदीची पाचशे नाणी, पाद्र्याचा मदतनीस असेल तर तीनशे, एकदा धर्म सोडून पुन्हा वळलेला असेल तरी तीनशे, साधा ख्रिस्ती असेल तर शंभर. पाद्र्यासाठी तिथे शब्द आहे 'बातेरेन'. तो ओळखीचा वाटला तर चूक नाही. पोर्तुगीजांच्या 'पाद्रे'वरून तो आला आणि आपला 'पाद्री'ही तिथूनच आला. या खोऱ्यात असे शब्द पुष्कळ भेटतील. क्रूसाला इथे 'कुरुसु' म्हणतात. नाताळाला 'नातारा'. एकाच गलबतातून निघालेला माल, अर्धा वसई-गोव्याला उतरला आणि अर्धा इथे.

फरक एवढाच की इथे दोनशे सोळा वर्षांपूर्वी, 1614 मध्ये, देशभर या धर्माला बंदी झाली. शेवटचा पाद्री 1644 साली मारला गेला. तेव्हापासून या खोऱ्यात कोणी मिस्सा ऐकलेली नाही, कोणी कबुलीजबाब दिलेला नाही, कोणी चर्चची घंटा ऐकलेली नाही. तरीही शंभर नाण्यांच्या किमतीची माणसं या रस्त्याने आत्ता वाड्याकडे चालली आहेत. जवळजवळ सगळं गाव.

वाड्याच्या ओसरीत नागासाकीच्या कचेरीतून आलेले अंमलदार बसले आहेत. पुढ्यात नोंदवही. जपानातल्या प्रत्येक घराचं नाव कुठल्या ना कुठल्या बौद्ध देवळाच्या वहीत असावंच लागतं. हा माणूस ख्रिस्ती नाही असा दाखला देऊळ देतं. तुमचं देऊळ शोतोकुजी. त्यापलीकडे पाच-पाच घरांचा एक गट केलेला असतो आणि त्यातल्या एका घराने गुन्हा केला तर पाचही घरं भोगतात. म्हणून शेजाऱ्याने कितीही राग धरला तरी तो तुम्हाला सहसा पकडून देत नाही. गोष्ट थोडी उलटी आहे. हेरगिरीसाठी बांधलेल्या गाठीनेच गावाला गप्प राहायला शिकवलं.

अंगणात चटई अंथरलीय आणि चटईवर ती पाटी ठेवलीय.

पितळेची आहे, जेमतेम वीतभर लांब. 1669 साली नागासाकीच्या एका कारागिराने अशा वीस पाट्या ओतल्या; कचेरी त्या वर्षभर कोठडीत ठेवते आणि नव्या वर्षात गावोगाव पाठवते. हिच्यावर क्रूसावरचा माणूस आहे. दीडशेहून जास्त वर्षं पायांनी घासून त्याचा चेहरा गुळगुळीत झाला आहे. नाक नाही, डोळे नाहीत. छातीच्या बरगड्या मात्र अजून हाताला, म्हणजे पायाला, लागतात.

वहीतून नाव पुकारतात. तुम्ही पुढे जाता. पायताण काढता.

आता तुम्ही मराठी वाचक म्हणून थोडं मागे सरून हे पाहू शकता. शेतकऱ्याला ती सोय नाही. आपल्याकडे पुस्तकाला चुकून पाय लागला तर आपण हात लावून तो कपाळाला नेतो. म्हाताऱ्या माणसांच्या अंथरुणावरून ओलांडून जायचं नाही, हे आपल्याला कोणी मुद्दाम शिकवत नाही. त्यामुळे पायाखालच्या गार पितळेचा अर्थ आपल्याला एखाद्या युरोपियन वाचकापेक्षा लवकर कळतो असं मला वाटतं. पाय टेकवून नुसतं उभं राहायचं आहे. कोणी ओरडत नाही, कोणी मारत नाही. अंमलदार कंटाळलेला आहे; अजून शेकडो नावं बाकी आहेत. पण तो तुमच्या चेहऱ्याकडे बघतो आहे. पाय टाकताना ओठ हलले का, डोळे मिटले का, श्वास अडकला का, एवढंच त्याला बघायचंय.

तुम्ही पाय ठेवता. बरगड्या लागतात. पाय काढता. वहीत खूण होते.

मग म्हातारी. मग तुमची बायको. तान्ह्याला आईने उचलून त्याची पावलं पितळेला लावली. आजारी असतात त्यांच्याकडे पाटी घरी जाते. शेवटी धाकटा. तो पाटीवर उभा राहतो, खाली बघतो, कोणाचंतरी चित्र आहे हे त्याला दिसतं आणि तो आजीकडे पाहतो. आजी अंगणातल्या झाडाकडे बघत असते. तो हसत नाही आणि रडतही नाही.

इथून दोन-तीन मैलांवर, शहरातल्या मारुयामा वस्तीत, हाच प्रकार जत्रेसारखा होतो. तिथल्या गणिका त्या दिवशी नवे किमोनो नेसून पाटीवर पाय ठेवायला जातात आणि गर्दी त्यांना बघायला लोटते. कवींनी तर या प्रथेला ऋतूत बसवलं. हायकूत वसंत सुचवणारे जे शब्द आहेत त्यांत 'एबुमी', म्हणजे चित्र तुडवणं, हाही एक शब्द आहे. आंब्याचा मोहोर म्हटलं की आपल्याला जसा ऋतू आठवतो, तसा. एखादी गोष्ट पुरेशी वर्षं चालली की तिच्यातलं भय बाहेरच्यांना दिसेनासं होतं, उरतो तो फक्त हवामानाचा बदल.

शुसाकु एंदो यांच्या 'सायलेन्स' या 1966 सालच्या कादंबरीमुळे, आणि पुढे तिच्यावर निघालेल्या चित्रपटामुळे, या पाटीची गोष्ट जगभर गेली. पण तिथे पाय ठेवायचा की नाही या पेचात पाद्री आहे. त्याच्यासाठी तो आयुष्यातला एक क्षण आहे. तुमच्यासाठी ते दरवर्षीचं काम आहे, पेरणीसारखं. पुढच्या वर्षी पुन्हा. मुलाचं लग्न झालं की सुनेला घेऊन पुन्हा.

घरी आल्यावर म्हातारी पुन्हा पाणी काढते. काही घरांत म्हणे हे पाय धुतलेलं पाणी पिऊन टाकत. इथे ती नुसते पाय धुते, जरा जास्त वेळ. मग दार लावून घेते. माजघरात बुद्धाचा देव्हारा आहे, उदबत्ती आहे, सगळं रीतसर. आतल्या कोठीत, धान्याच्या पेटीमागे, पांढऱ्या चिनीमातीची एक कान्नोन आहे. करुणेची बौद्ध देवी, मांडीवर मूल घेतलेली. चीनहून आलेली अशी मूर्ती कुठल्याही घरात असू शकते, अंमलदाराने पाहिली तरी त्यात गुन्हा नाही. तुम्ही मात्र तिच्यासमोर बसून म्हणता ते 'ओराशो'. लॅटिन 'ओरातियो', म्हणजे प्रार्थना. त्यातले निम्मे शब्द तुम्हाला कळत नाहीत. 'गारासा', 'मारिया', 'देउसु'. कळत नाहीत म्हणूनच एक अक्षर इकडचं तिकडे होऊ द्यायचं नाही, हा नियम. अर्थ समजत असता तर कोणीतरी सुधारणा केली असती.

आज मात्र म्हातारी दुसरं काही म्हणते: 'कोंचिरिसान'. पश्चात्ताप. पाद्री होते तेव्हाच, 1603 साली, एक छोटी पुस्तिका तयार झाली होती. पाप कबूल करायला पाद्री जवळ नसेल तर मनापासून पश्चात्ताप कसा करावा, हे तिच्यात सांगितलेलं. बंदीच्या काळात तिच्या हातनकला चोरून फिरत राहिल्या. लिहिणाऱ्यांच्या मनात पाद्र्याविना काढायचे दिवस किती होते, हे सांगणं कठीण आहे. दोनशे वर्षं नक्की नसावेत.

सकाळी पाय, रात्री पश्चात्ताप. याला ढोंग म्हणायचं का? मला हा प्रश्न पडतो आणि मी तो सोडवू शकत नाही. पण ज्याने कधीच पाय ठेवला नाही तो माणूस कुठे आहे, ते तुम्हाला दाखवायचं आहे. थोडं चालावं लागेल, आणि काळातही मागे जावं लागेल.

नागासाकीची निशिझाका टेकडी. 5 फेब्रुवारी 1597. तुम्ही आता गर्दीत उभे आहात. उतारावर सव्वीस क्रूस ओळीने उभे केले आहेत. क्योतो-ओसाकाहून इथवर जवळजवळ महिनाभर, भर थंडीत चालवत आणलेली माणसं त्यांवर बांधली आहेत. प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा छाटलेला आहे. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेसुइट, बाकीचे सतरा साधे जपानी लोक; सर्वांत लहान मुलगा बारा वर्षांचा. त्या सहा फ्रान्सिस्कनांमध्ये एक चाळिशीचा माणूस आहे, त्याला जपानी अस्खलित येतं. दरबारात तेव्हाचा राज्यकर्ता हिदेयोशी याच्यासमोर दुभाष्याचं काम त्यानेच केलं होतं. चेहरा इतर पाच जणांसारखा गोरा नाही. तो वसईचा आहे.

गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई वसईचीच. लहानपणी जेसुइटांबरोबर जपानात आला, त्यांचं काम करता करता भाषा शिकला, मग मकावकडे व्यापार केला, पैसे कमावले, आणि सगळं सोडून मनिलात फ्रान्सिस्कन धर्मबंधू झाला. पाद्री कधीच नव्हता. वसई किल्ल्याच्या भिंतींच्या आत वाढलेला मुलगा इथे, समुद्राकडे तोंड करून, भाल्याची वाट बघतो आहे. 1862 साली रोमने या सव्वीस जणांना संत म्हणून घोषित केलं आणि तो भारतात जन्मलेला पहिला संत ठरला. वसईजवळ गासला त्याच्या नावाचं चर्च आहे.

त्याच्या बाजूने काय म्हणायचं ते सोपं आहे. टेकड्या आणि चर्च अशाच माणसांच्या नावाने उभी राहतात. पण त्याच्यामागे जे उरले त्यांचा हिशोब वेगळा होता. सगळेच क्रूसावर गेले असते तर क्रूस आठवायला कोण राहिलं असतं? तुम्ही पाय ठेवता, घरी येता, मुलाला नाव देता. ते नावही एक काम आहे.

परत उराकामी, तेच 1830. थंडी ओसरत चालली आहे. आज रात्री तुम्हाला एका घरी जायचं आहे.

या गुप्त समाजाची स्वतःची एक व्यवस्था आहे, आणि मला तीच सर्वांत विलक्षण वाटते. वाड्या चार, प्रत्येक वाडीत एक 'मिझुकाता', म्हणजे पाणी घालणारा. जन्मलेल्या मुलाला बाप्तिस्मा तो देतो. त्याच्या हाताखाली घरोघर निरोप पोचवणारा एक माणूस असतो. आणि सगळ्यांच्या वर एकच 'चोकाता'. शब्दशः वहीवाला. तो प्रवचन करत नाही, चमत्कार करत नाही. त्याच्याकडे एक वही असते. आज कुठला वार, कुठल्या संताचा सण, उपवास कधी, हे तो मोजतो आणि सांगतो.

त्या वहीमागे एका माणसाचं नाव सांगतात, बास्तियान. हा एक जपानी धर्मशिक्षक होता. 1634 सालचं ख्रिस्ती पंचांग त्याने जपानी चांद्र तारखांत बसवून ठेवलं, आणि पुढे तो पकडला गेला आणि मारला गेला, अशी आठवण आहे. आपल्याला यातली अडचण वेगळी समजावून सांगायला नको. ईस्टर सूर्य आणि चंद्र दोघांच्या हिशोबाने फिरतो. जपानी वर्षात अधिक महिने येतात. एकदा चूक झाली की पुढचं सगळं घसरत जातं. रोमहून दुरुस्ती येणार नाही. गोव्याहून पत्र येणार नाही. तरीही उराकामीत हे पद एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. पहिला वहीवाला मागोएमोन.

बास्तियानच्या नावावर एक भाकीतही आहे. सात पिढ्या माझी मुलं म्हणून मी तुम्हाला सांभाळीन. मग काळ्या गलबतांतून पाद्री येतील, दर आठवड्याला पाप कबूल करता येईल, आणि रस्त्याने उघडपणे गाणी म्हणत जाता येईल. सात पिढ्या. तुमच्या म्हातारीने मोजून पाहिलंय, पण धाकटा सहाव्या पिढीतला आहे की सातव्या, यावर घरात एकमत नाही.

वहीवाल्याच्या घरी दिव्याची वात बारीक केलेली आहे. तो वही उघडतो, बोटांवर मोजतो, आणि सांगतो: अमुक दिवसापासून 'कानाशिमी' लागेल. जपानीत त्याचा अर्थ दुःख. येशूच्या यातनांची आठवण करण्याचे ते चाळीस दिवस, आपले ख्रिस्ती त्याला प्रायश्चित्तकाळ म्हणतात. या दिवसांत काय करायचं आणि काय टाळायचं, याची यादी तो सांगतो. तुम्ही ती पाठ करून घरी येता. शेजारी जागा आहे, त्याच्या खिडकीत उजेड दिसतो. त्याने तुम्हाला परत येताना पाहिलं. तो काही विचारत नाही. त्याचा बाप तुमच्या बापाला काही विचारत नसे.

नागासाकीजवळच्या सोतोमेच्या किनाऱ्यावर तर देवळंसुद्धा गप्प राहिली. तिथल्या तेनपुकुजी देवळाला आपल्या वहीत कोणाची नावं आहेत ते ठाऊक होतं आणि तरी त्याने ती सांभाळली, असं तिथले लोक आजही मानतात. त्याच भागात कोणी मेलं की रीतीप्रमाणे भिक्खू येऊन सूत्रं म्हणायचा, आणि शेजारच्या खोलीत घरची माणसं हळू आवाजात ओराशो म्हणत बसायची, सूत्रांचा परिणाम पुसून टाकण्यासाठी. भिंतीच्या एका बाजूला बुद्धाचे शब्द, दुसऱ्या बाजूला लॅटिनचे मोडके तुकडे, मध्ये प्रेत. मृत माणसाच्या कानात दोन्ही गेले असतील. दोन्ही आवाज त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनी लावले होते, निदान त्या घरात तरी.

आता पस्तीस वर्षं पुढे या. तुम्ही आता धाकट्याच्या देहात आहात. वय चाळीस. आजी गेली, बाप गेला. वहीवाला किचिझो 1856 च्या धरपकडीत तुरुंगात गेला तो परत आला नाही. त्या झडतीत घरोघरच्या पांढऱ्या कान्नोन उचलून नेल्या गेल्या. पाटी तुडवण्याची प्रथा मात्र नागासाकीत बंद झाली आहे, कारण परदेशी जहाजं आली, तह झाले. धर्मावरची बंदी तशीच. लाकडी फलक तसाच.

17 मार्च 1865. दुपारची साडेबारा. बंदराच्या दक्षिणेला, परदेशी लोकांच्या वस्तीत, टेकडीवर एक नवीन इमारत उभी राहिली आहे. नागासाकीचे लोक तिला 'फ्रेंच देऊळ' म्हणतात आणि सुट्टीच्या दिवशी बघायला जातात. तुम्ही उराकामीतल्या बारा-पंधरा जणांबरोबर आला आहात; बायका आहेत, मुलं आहेत. बघे म्हणून. कोणी विचारलं तर तेच उत्तर आहे.

दारात एक फ्रेंच पाद्री उभा आहे, बर्नार् पतिजाँ. तो दार उघडतो आणि आत वेदीपाशी गुडघे टेकतो. त्याला वाटतं, ही मंडळी कुतूहलाने आली आहेत. तुम्ही मागच्या रांगेत आहात. तुमच्यातल्या तीन बायका पुढे सरकतात. त्यांच्यातली एक, सुगिमोतो युरी, बाप्तिस्म्याचं नाव इसाबेलिना, छातीवर हात ठेवून त्याच्या कानाशी पुटपुटते: इथे आलेल्या सगळ्यांचं हृदय तुमच्या हृदयासारखंच आहे. आणि लगेच विचारते, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे?

'सांता मारिया'. या एका शब्दाने पाद्री हलतो. तो त्यांना उजव्या बाजूच्या वेदीकडे नेतो. फ्रान्सहून आणलेली मूर्ती, हातात मूल. तुम्ही तिच्याकडे बघता. आजीच्या कोठीतल्या कान्नोनपेक्षा ही उंच आहे आणि चेहरा वेगळा आहे, पण मूल धरलेला हात तोच आहे. कोणीतरी रडायला लागतं. लहानपणी तुम्हाला सांगितलं होतं की रडायचं नाही.

त्यांच्यातलं एक जण नाताळाची तारीख सांगतं. मग त्याला म्हणतं, आम्ही आत्ता दुःखाच्या दिवसांत आहोत. तुम्ही पाळता का ते? हो, पतिजाँ म्हणतो, आज त्यांचा सतरावा दिवस.

पतिजाँच्या पंचांगात हे दिवस ज्याने सुरू होतात तो राख बुधवार त्या वर्षी 1 मार्चला होता. 17 मार्च म्हणजे सतरावा दिवस. रोमचं पंचांग हातात नसताना, वही पाठ करणाऱ्या आणि तुरुंगात मेलेल्या माणसांच्या बोटांवर, दोनशे एकतीस वर्षांनीही त्यांचे दुःखाचे दिवस रोमच्या दिवसांतच आले होते.

एक गोष्ट युरीला ठाऊक नव्हती, आणि तुम्हाला ठाऊक आहे. हे ओउरा चर्च त्या सव्वीस जणांच्या नावाने बांधलेलं आहे आणि त्याचं तोंड निशिझाकाच्या दिशेने आहे. ज्या दारातून तुम्ही आत आलात तिथून वसईचा माणूस मेला ती टेकडी समोर आहे. क्रूसावर गेलेल्यांच्या घरात, पाटीवर पाय ठेवून जगलेल्यांची नातवंडं आली होती.

आनंदात कहाणी संपवता आली असती. पण एक पाऊल पुढे टाकलं की फलक आडवा येतो. दोन वर्षांनी उराकामीतल्या लोकांनी मृत माणसाला देवळाचा भिक्खू न बोलावता पुरलं. दोन शतकं भिंतीआड म्हटलेलं आता उघड म्हटलं गेलं. 1867 च्या जुलैमध्ये रात्री छापा पडला. नंतर आलेल्या मेजी सरकारने तर सगळं गावच उचललं. 3,394 माणसं वेगवेगळ्या प्रांतांत पाठवली गेली. सहाशेहून जास्त परत आली नाहीत. तुम्ही त्सुवानोला जाता. तिथे तीन फुटी पिंजरा आहे आणि हिवाळ्यात गोठणारं तळं आहे. त्यावर मी जास्त लिहीत नाही. गावातले लोक त्या वर्षांना पुढे नुसतं 'ताबी' म्हणत. प्रवास. 1873 च्या फेब्रुवारीत फलक उतरवले गेले आणि तुम्ही चालत परत आलात. सगळेच चर्चमध्ये गेले नाहीत, हेही सांगायला हवं. इकित्सुकीसारख्या बेटांवर अनेक घरांनी नव्या पाद्र्यांना नकार दिला आणि आजीने शिकवलेलंच चालू ठेवलं. त्यांच्यासाठी तोच धर्म होता आणि पाद्री पाहुणे होते.

आता 1880. तुमचं वय पंचावन्न. उराकामीच्या लोकांनी पैसे गोळा करून एक जागा विकत घेतली आहे, प्रार्थनेसाठी. पुढे इथे लाल विटांचं मोठं चर्च होईल, 1914 मध्ये पुरं होईल, आणि 9 ऑगस्ट 1945 ला त्याचं काय होईल तिथे मी तुम्हाला नेणार नाही. आज अजून जुनीच इमारत आहे.

पाटलाचा वाडा. तेच अंगण, तीच ओसरी. जिथे चटई अंथरली जायची ती जागा तुम्हाला डोळे मिटून दाखवता येईल.

दाराशी नातीला कडेवरून खाली उतरवून तुम्ही वाकता आणि तिची पावलं पंचाने पुसता. टाचा, बोटांच्या बेचक्या. तिला गुदगुल्या होतात, ती मोठ्याने खिदळते. आत प्रार्थना सुरू झालेली आहे, दोन-तीन माणसं वळून बघतात. तुमचा हात तिच्या पोटरीवर चापट मारायला आपोआप उठतो, आणि तसाच हवेत राहतो.